पोटातला गोळा कोण पाहतं?

जुन्या हुबळीत शेजाऱ्यानं घरावर माडी चढवली आणि ती कुणाच्या डोळ्यांत खुपली, तर कानडी माणूस त्या भावनेला 'होट्टेकिच्चु' म्हणतो. होट्टे म्हणजे पोट, किच्चु म्हणजे आग. मत्सर ही पोटातली आग. काळजीनं नि कटकटीनं माणूस त्रासला, तर त्याची 'तले बिसि' होते, म्हणजे डोकं तापतं. धीटपणाला शब्द आहे 'एदेगारिके', आणि एदे म्हणजे छाती. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एखादं मराठी घर असलं, तर तिथंही डोक्याला ताप होतो आणि धाडसाला छाती लागते. एक भाषा द्राविडी कुळातली, दुसरी संस्कृत-प्राकृताच्या वंशातली. व्याकरण वेगळं, लिपी वेगळी. पण धीर कुठं राहतो आणि वैताग कुठं चढतो, याबद्दल दोघींचं एकमत आहे.

मला याचं फार नवल वाटतं. शाळेत आपण हे सगळं वाक्प्रचार म्हणून पाठ केलं, 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' एवढ्यापुरतं. भीतीनं पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात. रडू येण्याआधी गळा दाटतो. मुलाचं कौतुक ऐकून ऊर भरून येतो. रात्री उशिरा घरचं माणूस दारात दिसलं, की जीव भांड्यात पडतो. आपण यांना भाषेचे अलंकार समजत आलो. पण ही निरीक्षणं आहेत. शेकडो वर्षं लाखो माणसांनी स्वतःच्या शरीराकडे लक्ष देऊन केलेल्या नोंदी आहेत, आणि त्या बऱ्याच अंशी बरोबर आहेत.

२०१४ साली फिनलंडमधल्या लॉरी नुमेनमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधाच प्रयोग प्रसिद्ध केला. ७०१ माणसांना संगणकाच्या पडद्यावर मानवी शरीराच्या रिकाम्या आकृत्या दिल्या आणि सांगितलं, की राग, भीती, दुःख, आनंद, किळस यांतली एकेक भावना जागी झाल्यावर शरीराचा कोणता भाग चेततो आणि कोणता मंदावतो, ते रंगवा. यात फिनलंड आणि स्वीडनची माणसं होती, तशीच तैवानचीही. भाषा पार वेगवेगळ्या, पण चित्रं पुष्कळशी सारखी निघाली. रागात डोकं, छाती आणि हात पेटले. किळस घशाशी आणि पोटाकडे जमा झाली. दुःखात हातापायांचा रंग विझत गेला. म्हणजे आपले 'हातपाय गळणे' त्या चित्रात जसेच्या तसे उमटले होते. आनंदात मात्र सगळं शरीर उजळलं. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण म्हणतो, त्यातलं मस्तक त्या नकाशात ठळक आहे. तळपायाचं तेवढं जुळत नाही.

भावनांचं आणि शरीराचं हे नातं कळायला शास्त्राला बराच काळ लागला. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली एक उलटा वाटणारा विचार मांडला: आपल्याला भीती वाटते म्हणून छाती धडधडते असं नाही, छाती धडधडते आणि तिची जाणीव होते, त्या जाणिवेलाच आपण भीती म्हणतो. हे जसंच्या तसं आज कुणी मानत नाही. पण शरीराकडून मेंदूकडे अखंड बातम्या जात असतात, आणि भावना घडण्यात त्या बातम्यांचा मोठा वाटा असतो, हे आता पक्कं झालं आहे. मेंदूच्या बुंध्यापासून निघून हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांपर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस घ्या. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर जाणारे आहेत. मेंदू पोटाला जेवढं सांगतो, त्याहून पोट मेंदूला कितीतरी जास्त सांगतं.

या बातम्या मेंदूच्या आत दडलेल्या एका घडीत पोचतात. तिला इन्सुला म्हणतात. २००४ साली ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नाडीवर बोट न ठेवता स्वतःचे ठोके नीट ओळखू शकणाऱ्या माणसांत उजव्या इन्सुलाचा पुढचा भाग अधिक कामाला लागतो. वाचता वाचता तुम्हीही करून पाहा. हात मांडीवर ठेवा आणि अर्धं मिनिट आतले ठोके मोजा, मग नाडी धरून ताडून पाहा. काहींना ठोके लख्ख ऐकू येतात. काहींना आत नुसती शांतता असते, आणि त्यातही काही बिघडलेलं नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हे सगळं नटाच्या बाजूनं पाहिलेलं आहे. तिथं आठ स्थायी भाव आहेत आणि तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन जाणारे. त्यांच्याशिवाय आठ सात्त्विक भाव वेगळे काढले आहेत: अंग जागच्या जागी थिजणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, आसवं आणि शुद्ध हरपणं. म्हणजे पुरा शरीराचाच हिशेब. गायिका गंगूबाई हनगल तरुणपणी हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. त्यांचा तो भारदस्त स्वर ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा आला असेल, त्यांना रोमांच म्हणजे काय हे कुणी वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं शरीर सांगत असतं, मग माणूस भावनांत गुदमरतो का? जाणिवेवर आधारलेल्या मानसोपचारांची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

फ्रिट्झ पर्ल्स यांचा गेस्टाल्ट उपचार १९५१ च्या त्यांच्या पुस्तकातून पुढे आला. 'असं का वाटतं?' या प्रश्नात त्यांना फारसा रस नव्हता. काय होतंय आणि कसं होतंय, आत्ता, इथं, हे बोलताना, एवढंच ते विचारत. 'का' विचारलं, की माणूस बुद्धीनं उत्तरं बनवू लागतो. 'कसं' विचारलं, की तो थांबतो आणि आत पाहतो. वडिलांविषयी बोलताना मूठ आवळली गेली, तर त्या मुठीकडे लक्ष द्यायचं.

यात मला सर्वांत मोलाचं काम वाटतं ते युजीन जेंडलिन यांचं. शिकागो विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांच्यासोबत काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उपचाराच्या बैठकींची ध्वनिमुद्रणं ऐकली. कुणाला गुण येतो आणि कुणाला येत नाही? त्याचा अंदाज सल्लागार काय बोलतो यावरून येत नव्हता. बोलणारा कसा बोलतो यावरून येत होता. ज्यांना पुढे बरं वाटलं, ती माणसं बोलताना मधेच अडखळत होती. थांबत होती. 'राग... नाही, राग नाही तसा... काहीतरी अडकल्यासारखं' असं चाचपडत होती. आत काहीतरी धूसर असतं, छातीत किंवा पोटात जाणवतं, पण त्याला अजून नाव नसतं. ती माणसं त्या धूसर गोष्टीपाशी बसून नेमका शब्द शोधत होती. आणि शब्द बसला, की शरीर कळत नकळत सैल होई, एक श्वास मोकळा होई. जेंडलिन यांनी ही रीत शिकवण्याजोगी केली आणि १९७८ साली 'फोकसिंग' या पुस्तकात मांडली.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या भाषेचं भांडार आठवलं. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ, घालमेल, तगमग, धाकधूक, कासावीस. यांना 'वाईट वाटणे' असं एकच नाव देऊन भागत नाही. हुरहुरीला सांजवेळ लागते. काय हवंय ते पुरतं ठाऊक नसतं आणि तरी ते जवळ नाही हे कळत असतं. रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची: आईला एकदा विचारायचं होतं, आता आई नाही. चुटपुट त्याहून हलकी, समोरून निघून गेलेल्या संधीची. हळहळ बहुधा दुसऱ्यासाठी असते. घालमेलीत मन दोन्हीकडे ओढलं जातं. तगमगीत अंग एका जागी ठरत नाही. धाकधूक निकाल लागेपर्यंतच जगते. हे शब्द नादानंच अंगाला भिडतात. 'धाकधूक' म्हणताना त्यात ठोका ऐकू येतो. जेंडलिन यांच्या त्या चाचपडणाऱ्या माणसांना मराठी येत असती, तर त्यांचं काम किती हलकं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

नेमक्या शब्दानं फरक पडतो, हा केवळ भाषाप्रेमाचा दावा नाही. २००७ साली मॅथ्यू लिबरमन यांनी माणसांना रागीट आणि घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूची चित्रं घेतली. भावनेला नाव दिलं, की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल उतरत होती. पुढे २०१२ साली त्यांच्याच गटानं कोळ्याला घाबरणाऱ्या ८८ माणसांना जिवंत टॅरंटुलासमोर उभं केलं. काहींना सांगितलं, मनातली भीती शब्दांत सांगा. काहींना सांगितलं, कोळी निरुपद्रवी आहे अशी समजूत घाला. काहींचं लक्ष दुसरीकडे वळवलं, काहींना काहीच सांगितलं नाही. आठवड्यानं पुन्हा तोच कोळी समोर ठेवला, तेव्हा ज्यांनी आपली भीती नावानिशी उच्चारली होती, त्यांच्या तळहातांवरचा भीतीचा घाम सर्वांत कमी होता. स्वतःची समजूत घालणाऱ्यांपेक्षाही कमी. 'मला फार भीती वाटतेय' असं म्हटल्यानं भीती वाढेल, ही आपली साधी धारणा. घडतं ते उलट.

आता पुन्हा जुन्या हुबळीत येऊ.

इथं सिद्धारूढ स्वामींचा मठ आहे. बिदरकडच्या चळकापुरात १८३६ साली जन्मलेले सिद्धारूढ फिरत फिरत हुबळीला आले, इथंच राहिले आणि १९२९ साली इथंच त्यांनी देह ठेवला. त्यांच्याकडे जातीपातीचा अडसर नव्हता. बेळगावच्या कलावती आईंचे ते गुरू. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांना जुनी हुबळी ठाऊक आहे ती या नात्यानं. मठात निजगुण शिवयोगींच्या कानडी ग्रंथांवर निरूपण चाले, आणि त्या सगळ्याचा गाभा अद्वैताचा: जे दिसतं ते तू नाहीस, तू पाहणारा आहेस. वेदान्तात हा विचार पायरीपायरीनं शिकवतात. वस्तू दिसते, डोळा पाहतो. डोळा कधी मंद होतो, कधी तीक्ष्ण. हे मनाला कळतं, म्हणजे डोळा दिसणारा झाला आणि मन पाहणारं. मग मनात राग येतो, जातो, भीती येते, जाते, हेही कळतंच. कुणाला कळतं? त्या पाहणाऱ्याला त्यांनी साक्षी म्हटलं.

आज हुबळीला रेल्वेनं येणारा माणूस ज्या स्थानकात उतरतो, त्याला श्री सिद्धारूढ स्वामीजींचंच नाव आहे. तिथला १,५०७ मीटरचा फलाट मार्च २०२३ मध्ये सुरू झाला, तो जगातला सर्वांत लांब. साक्षीची शिकवण देणाऱ्याच्या नावानं जगातला सर्वांत लांब फलाट असावा, हा योगायोग मला फार आवडतो. फलाटावर उभ्या माणसासमोर गाड्या येतात, थांबतात, भोंगा वाजवतात, निघून जातात. समोर आली म्हणून प्रत्येक गाडीत चढायचं नसतं.

आधुनिक मानसोपचारात ही गोष्ट दुसऱ्याच रस्त्यानं आली. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा वर्ग सुरू केला. इकडे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल हे तिघे वेगळ्याच पेचात होते: नैराश्यातून बरी झालेली माणसं पुन्हा पुन्हा त्यात का पडतात? तोपर्यंतची समजूत अशी, की माणसाचे विचार बदलले म्हणजे तो बरा होतो. टीसडेल यांच्या लक्षात आलं, की विचार तेच राहतात, बदलतं ते त्यांच्याशी असलेलं नातं. 'मी कुचकामी आहे' हे सत्य म्हणून ऐकणं वेगळं, आणि 'मी कुचकामी आहे असा विचार आत्ता आलाय' हे पाहणं वेगळं. यातून त्यांनी उपचार बांधला आणि २००० साली १४५ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीच्या उपचारांवर असलेल्या ६६ टक्के माणसांना साठ आठवड्यांत ते पुन्हा आलं. हा वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. 

समर्थ रामदासांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले, त्यांतले कितीतरी मनाला हाक मारून. हाक मारायची तर दोघं लागतात: एक मन आणि एक मनाशी बोलणारा. ईथन क्रॉस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना ताणाच्या प्रसंगी स्वतःशी 'मी' म्हणून न बोलता स्वतःचं नाव घेऊन बोलायला सांगितलं, आणि त्यांची अस्वस्थता कमी झाली. आपल्याकडे आजी भिंतीला टेकून 'अगं बाई, आता शांत हो' असं स्वतःलाच म्हणते, तेव्हा ती हेच करत असते.

मात्र मठातला साक्षी आणि दवाखान्यातली सजगता या एकच गोष्टी नव्हेत. वेदान्ताचा साक्षी हे अंतिम सत्य आहे. तो मिळवायचा नसतो, ओळखायचा असतो, आणि ध्येय मोक्षाचं असतं. मानसोपचारातली सजगता हे कौशल्य आहे, सायकल चालवण्यासारखं सरावानं येणारं, आणि ध्येय असतं सोमवारी कामावर जाता यावं, मुलांवर ओरडणं कमी व्हावं. दोघांची गल्लत केली, की दोघांचंही नुकसान होतं.

दुसरी गल्लत जास्त घातक. 'साक्षी व्हा' याचा अर्थ पुष्कळ घरांत 'भावना गिळा' असा केला जातो. बाईनं रडू नये, पुरुषानं घाबरू नये, म्हाताऱ्यांनी तक्रार करू नये. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ साली लोकांना किळस आणणारी दृश्यं दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे कोरे राहिले. किळस मात्र तेवढीच वाटली, आणि त्वचेवरचा घाम वाढला, बोटांतल्या रक्तवाहिन्या जास्त आखडल्या. दाबणं आणि पाहणं बाहेरून सारखं दिसतं. आत ती दोन टोकं आहेत.

आणि आत पाहणं सगळ्यांसाठी नेहमीच सुरक्षित नसतं. ज्यांनी मारहाण, अत्याचार, अपघात सोसले आहेत, त्यांना डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्यायला लावलं, तर तोच प्रसंग पुन्हा अंगावर येऊ शकतो. टीसडेल प्रभृतींचा वर्गही मुळात झटका ओसरल्यावर करायचा आहे. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला नुसतं 'ध्यान कर' म्हणणं चुकीचंच. तिथं डॉक्टर लागतात, औषधंही लागतात. हुबळीपासून वीसेक किलोमीटरवर धारवाडला मानसिक आरोग्याची जी मोठी संस्था आहे, डिमहान्स, तिची सुरुवात १८४५ साली वेड्यांचं इस्पितळ म्हणून झाली होती. त्या काळी माणसाला आत ठेवणं एवढाच उपाय होता. आज तिथं मानसोपचाराचं शिक्षण दिलं जातं. हा पल्ला फार मोठा आहे. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

पोचल्यावरही एक अडचण उरते. डॉक्टर विचारतात, काय होतंय? आणि आपण म्हणतो, 'टेन्शन आहे.' या एका शब्दानं गेल्या काही दशकांत हुरहूर, रुखरुख, धाकधूक, घालमेल सगळं पोटात घातलं आहे. परीक्षा असली तरी टेन्शन, नवरा दारू पिऊन मारत असला तरी टेन्शन, कर्ज थकलं तरी टेन्शन. डॉक्टरांना त्यातून काय कळणार?

म्हणून एक विनंती. कधी दवाखान्यात जायची वेळ आली, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला, तर टेन्शन हा शब्द बाजूला ठेवा. पोटात गोळा येतो का गळा दाटतो, तगमग होते का हातपाय गळतात, रात्री होतं का पहाटे, हे आपल्या घरच्या शब्दांत सांगा. शब्द लगेच सापडला नाही तर अडखळा, घाई करू नका. समोरचा थांबेल.